सोमवारची संध्याकाळ मोकळी सोडा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

लहान मुले मोबाइलमध्ये बुडाली आहेत, घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही, अशी तक्रार वाचकांच्या पत्रांतून वरचेवर वाचायला मिळते. तक्रार खरी आहे. पण तिच्यावर सुचवले जाणारे सगळे उपाय आईवडिलांच्या निर्धारावर सोडून दिलेले असतात. मोबाइल काढून घ्या, मुलांना वेळ द्या, जेवताना टीव्ही लावू नका. नागपुरातल्या दुसरीतल्या एखाद्या मुलाचा आठवडा कागदावर मांडून पाहा. तीन दिवस शिकवणी, दोन दिवस अबॅकस किंवा तबला, शनिवारी स्केटिंग, रविवारी वाढदिवस नाहीतर सोसायटीची सभा. आई ऑफिसातून साडेसहाला येते, बाबा तिच्या मागोमाग. मग वेळ द्यायचा तो कुठून काढून? म्हणून या पत्रातून एकच मागणी करायची आहे. शिकवण्या, छंदवर्ग आणि गृहनिर्माण सोसायट्यांनी पाचवीपर्यंतच्या मुलांच्या घरांसाठी आठवड्यातली एक संध्याकाळ, शक्यतो सोमवारची, मोकळी सोडावी.

ही कल्पना नवी नाही. ज्यांना लोक मॉर्मन म्हणून ओळखतात त्या पंथाच्या घरांत ती शंभराहून अधिक वर्षे चालत आली आहे, आणि आम्ही त्या घरांपैकीच आहोत. पंथाचे पूर्ण नाव चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. २०१८ पासून चर्चचा आग्रह पूर्ण नावाचाच आहे, पण वाचकांना ओळख पटावी म्हणून इथे रुळलेला शब्द वापरतो. जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात चर्चची स्थापना केली, आज मुख्यालय युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत आहे. नागपुरात अशी घरे फार थोडी. शेजारीपाजारी पहिल्यांदा विचारतात ते बहुपत्नीत्वाबद्दल, तर तेही सांगून टाकतो: चर्चने ती चाल १८९० मध्ये जाहीरपणे सोडली, आणि आज कोणी तसे केले तर त्याचे सदस्यत्व जाते.

१९१५ च्या एप्रिलमध्ये चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष जोसेफ एफ. स्मिथ आणि त्यांच्या दोन सल्लागारांनी सगळ्या घरांना एक पत्र लिहिले. महिन्यातून निदान एक संध्याकाळ आईवडिलांनी मुलांना जवळ घेऊन बसावे. प्रार्थना, गाणी, वाद्य, धर्मग्रंथाचे वाचन आणि घरच्या विषयांवर बोलणे व्हावे. लहानग्यांसाठी गोष्टी आणि खेळ असावेत. शेवटी थोडा खाऊ असावा आणि तोही शक्यतो घरीच केलेला, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. घरच्या खाऊचा उल्लेख ज्या पत्रात आहे ते लिहिणाऱ्यांना मुले ठाऊक होती, असे आम्हाला नेहमी वाटते. स्वतः जोसेफ एफ. स्मिथ पाच वर्षांचे असताना त्यांचे वडील मारले गेले होते.

तरीही नुसत्या आवाहनाने सवय सगळीकडे रुजली नाही. १९६५ मध्ये चर्चने घराघरांत वापरता येईल असे पाठांचे पुस्तक दिले, आणि १९७० मध्ये सोमवार ठरवून टाकला. या तिसऱ्या पावलात खरी मेख आहे. सोमवारी संध्याकाळी चर्चने स्वतःची सभा, वर्ग, सराव, काहीही ठेवायचे नाही, असा नियम केला. अलीकडे कुटुंबांना दिवस निवडायची मोकळीक आहे, बरीच घरे रविवारी बसतात, पण सोमवारची संध्याकाळ चर्चच्या कार्यक्रमांसाठी बंदच आहे. घराने वेळ काढावा अशी ज्यांची इच्छा होती त्यांनी आधी आपला हात आखडता घेतला. नागपुरात आपण मुलांच्या आईबाबांना उपदेश करतो आणि त्यांची एकही संध्याकाळ सोडत नाही.

संध्याकाळ मोकळी मिळाली तर तिचे करायचे काय, हा पुढचा प्रश्न. तो फार जणांना अडवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ज्यांना धर्माचा भाग नको त्यांनी तो सोडून बाकीचे घ्यावे. सांगाडा तोच राहतो.

आठ वर्षांखालची मुले असतील तर सगळे मिळून पस्तीस ते चाळीस मिनिटे पुरेत. जेवण सातला आटोपायचे, साडेसातला बसायचे, सव्वाआठच्या आत उठायचे. जेवणाआधी बसले की भुकेली मुले कुरकुरतात, साडेआठनंतर बसले की धाकटे पेंगते आणि मोठ्याला गृहपाठ आठवतो. खाली सतरंजी घालून गोल बसावे. सोफ्यावर बसले की मोठी माणसे मागे रेलतात आणि मुले पायाशी पडून आपापले काहीतरी करू लागतात. सगळ्यांचे फोन, आजीचाही, दुसऱ्या खोलीत ठेवायचे. फोन उलटा करून शेजारी ठेवणे चालत नाही, कारण थरथरला की नजर जातेच.

क्रम ठरलेला असतो आणि तो बदलायचा नाही. एक गाणे, एक छोटी प्रार्थना, आठवड्याची वही, एक धडा, एक खेळ, शेवटची प्रार्थना आणि मग खाऊ. लहान मुलाला पुढे काय येणार हे माहीत असले की ते आतले पाच मिनिटांचे गंभीर बोलणेही सोसते. खाऊ सगळ्यात शेवटी. आधी दिला तर खाऊन झाल्याबरोबर मूल उठते आणि ते परत गोलात येत नाही.

ही कामे कोण करणार, हे एका फळीवर ठरते. मॉर्मन घरांत ही फळी जवळजवळ सगळीकडे दिसते, आणि सुताराकडच्या उरलेल्या प्लायच्या तुकड्यात ती होते. तीस बाय पंचेचाळीस सेंटिमीटरचा, १२ मिलिमीटर जाडीचा तुकडा घ्यावा. ६ मिलिमीटरचा घेतला तर कप लटकवायच्या हुकाचे टोक पाठीमागून बाहेर येते आणि हुक ढिला पडतो. घरात जितकी माणसे तितकेच हुक आणि तितकीच कामे. पाच माणसे असतील तर गाणे, वही, धडा, खेळ आणि खाऊ. सुरुवातीची प्रार्थना गाण्यावाला करील, शेवटची खाऊवाला. कामे माणसांपेक्षा जास्त ठेवली की कोणाकडे तरी दोन जातात आणि तिथेच भांडण सुरू होते. हुकांवर कामाचे चित्र कायम चिकटवायचे: तबला, वही, पुस्तक, चेंडू, वाटी. खाली लटकतात त्या नावांच्या चकत्या. दर आठवड्याला प्रत्येक चकती एक घर उजवीकडे सरकते. ती सरकवण्याचे काम सगळ्यात लहान मुलाचे, कारण त्याला वाचता येत नसले तरी हे येते.

चकत्या जाड पुठ्ठ्याच्या, सहा सेंटिमीटर व्यासाच्या कराव्यात आणि त्यांवर नावासोबत फोटो चिकटवावा. बाटलीची झाकणे वापरू नयेत. दोन वर्षांचे मूल तोंडात घालते आणि ती घशात अडकू शकतात. फळी मुलाच्या हाताला यावी म्हणून खाली लावावी लागते, पण मग हुक नेमके त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येतात. त्यामुळे ती बोळीत किंवा दाराशेजारी लावू नये, मुले पळतात तिथे तर नाहीच. कपाटाच्या बाजूला, कोपऱ्यात लावावी आणि हुक गोल वळलेलेच घ्यावेत. सिमेंटच्या भिंतीत नुसता खिळा टिकत नाही, मूल चकती ओढते तेव्हा फळी खाली येते. ड्रिल करून रावळ प्लग घालावा.

आठवड्याची वही म्हणजे पाच मिनिटांचे कामकाज. कोणाची लस आहे, सिलिंडर कधी सांगायचा, शाळेत काय न्यायचे आहे, बाबांची पाळी कोणती, आजोबांना दवाखान्यात कोण नेणार. वही ज्याच्याकडे असेल त्याने विचारायचे आणि लिहायचे. मूल लिहू शकत नसेल तर ते चित्र काढते आणि शेजारी कोणीतरी शब्द लिहिते. यात मुलांना एक फार मोठी गोष्ट मिळते: घर कसे चालते हे त्यांना कळते. बुधवारी आई उशिरा येणार आहे हे चार वर्षांच्या मुलाला सोमवारी माहीत असेल तर बुधवारी ते दारात उभे राहून रडत नाही.

धडा म्हटले की लोक घाबरतात. तीन वर्षांच्या मुलासाठी धडा पाच मिनिटांचा, सहा-सातच्या मुलासाठी दहाचा. एकच गोष्ट सांगायची आणि तिच्याबरोबर हातात धरता येईल अशी एक वस्तू असावी. आमच्याकडे मिळकतीचा दहावा भाग चर्चला देण्याची रीत आहे. हे मुलाला शिकवायचे तर वाटीत रुपयाची दहा नाणी ठेवतात आणि पहिले नाणे त्याला बाजूला काढायला लावतात, उरलेल्या नऊपैकी काही साठवणीच्या डब्यात, काही खर्चाच्या. दहाचे एक नाणे देऊन हे शिकवता येत नाही. चार वर्षांच्या मुलाला दहा टक्के कळत नाहीत, पण दहा नाणी आणि त्यातले एक हे लख्ख दिसते. पहिले नाणे बाजूला काढायचे, शेवटचे नाही, हाही त्या धड्याचाच भाग आहे. आधी खर्च करून उरले तर द्यायचे म्हटले की उरत नाही, हे मोठ्यांनाही माहीत आहे. ज्यांना चर्च नाही त्यांनी तोच रुपया अनाथाश्रमाच्या, गोरक्षणाच्या, विहाराच्या पेटीत टाकावा. नाणी मात्र धडा संपताच मोजून उचलावीत. दोन वर्षांचे भावंड शेजारी बसलेले असते.

धडा मुलानेही घ्यायचा असतो. पाच वर्षांची मुलगी धडा घेणार असेल तर रविवारी दुपारी तिच्याशी बसून दोन वाक्ये आणि एक चित्र तयार करून ठेवावे. ऐन वेळी तिला उभे केले तर ती लाजते, मोठे भावंड हसते, आणि पुढच्या फेरीत ती नाही म्हणते. प्रार्थनाही ती स्वतःच्या शब्दांत करते. आमच्याकडे पाठ केलेली प्रार्थना घरी म्हणत नाहीत. देवबापाला हाक मारायची, कशाबद्दल आभार ते सांगायचे, काय हवे ते मागायचे आणि येशू ख्रिस्ताच्या नावाने आमेन म्हणून थांबायचे. लहान मुले कुत्र्याचे, शाळेच्या बसचे आणि कालच्या आंब्याचे आभार मानतात. तिथे हसायचे नाही आणि दुरुस्तीही करायची नाही, हा मोठ्यांसाठीचा सगळ्यात कडक नियम आहे.

दुसरा कडक नियम, या चाळीस मिनिटांत कोणाला रागवायचे नाही. आठवडाभराच्या चुका सोमवारी काढल्या, परीक्षेचे गुण काढले की महिनाभरात मुले या संध्याकाळीपासून पळू लागतात. घरोघरी हा उपक्रम बंद पडण्याचे सगळ्यात मोठे कारण हेच. त्याच्या खालोखाल लांबी. वडील बोलायला लागले की थांबत नाहीत. त्यांच्यासाठी स्वयंपाकघरातले टायमर मुलाच्या हातात द्यावे आणि ते वाजले की वाक्य अर्धे असले तरी थांबावे. तिसरे कारण, एखादा सोमवार बुडला की सगळेच सोडून देणे. पाहुणे आले तर त्यांनाही गोलात बसवावे. मूल आजारी असेल तर त्याच्या पलंगाजवळ गाणे आणि खाऊ, बस. बाकी बुडाले तरी दिवस बुडू द्यायचा नाही.

नागपूरचा उन्हाळा हा एक वेगळाच अडथळा आहे, आणि तो युटाच्या पुस्तकात सापडत नाही. एप्रिल ते जून कूलर पूर्ण वेगात चालू असतो आणि त्या आवाजात तीन वर्षांच्या मुलाची प्रार्थना शेजारी बसलेल्यालाही ऐकू येत नाही. सगळे ओरडून बोलतात आणि संध्याकाळचा सूरच बिघडतो. बसण्याआधी अर्धा तास कूलर जोरात चालवून खोली गार करून घ्यावी, खिडकी थोडी उघडी ठेवावी म्हणजे दमट होत नाही, आणि बसताना वेग सगळ्यात कमी करावा. गोल झोताच्या समोर न घालता बाजूला घालावा. समोर बसले की कागद उडतात आणि धाकट्याचे नाक वाहते. ज्यांना गच्ची आहे त्यांनी पाणी मारून गच्चीवरच बसावे, मात्र सूर्य मावळून स्लॅब निवल्यावरच, कारण तोवर पाय भाजतात.

खाऊसाठी हॉटेलातून काही मागवू नये. करायला दहा मिनिटे लागावीत आणि मुलाचा हात लागावा, एवढीच अट. नागपुरी घरात याला कच्च्या चिवड्याइतके सोयीचे दुसरे काही नाही. पाच जणांना दीडशे ग्रॅम मुरमुरे, दोन मोठे चमचे तेल, अर्धा छोटा चमचा तिखट, चवीला मीठ, एक कांदा, मूठभर सांबार म्हणजे कोथिंबीर, अर्धे लिंबू. आधी परातीत तेल, तिखट आणि मीठ हाताने एकत्र करायचे, मग मुरमुरे घालून चोळायचे. मुरमुऱ्यांवर नुसते मीठ टाकले तर ते खाली बसते. कांदा आणि लिंबू अगदी वाढताना, नाहीतर पाणी सुटून सगळे मऊ पडते. मुलांसाठी थोडे मुरमुरे तिखटाशिवाय, नुसत्या तेल-मिठात वेगळे चोळावेत. चार वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे देऊ नयेत, ते श्वासनलिकेत जातात. भरडून घालावेत.

आता थोडे बाकीच्या दिवसांविषयी, कारण ही संध्याकाळ एकटी उभी नसते. रविवारी उपासना असते. २०१९ च्या जानेवारीपासून चर्चने रविवारच्या सभा तीन तासांवरून दोन तासांवर आणल्या आणि वाचलेला एक तास घरच्या अभ्यासासाठी म्हणून दिला. इथेही तीच रीत दिसते, संस्थेने आपला वेळ कापून घराला दिला. पहिल्या तासात भाकरी आणि पाण्याचा प्रसाद असतो आणि सगळी मुले मोठ्यांबरोबर बसतात. त्यांच्यासाठी वेगळी खोली नसते. पुढच्या तासात दीड वर्षापासूनची मुले त्यांच्या गटात जातात. पहिल्या तासाभरासाठी आया कापडाचे पुस्तक शिवतात: पानांवर बटण, झिप, नाडी, टिचबटण. आवाज होत नाही आणि बोटांना काम मिळते. लग्नात, कीर्तनात, दवाखान्याच्या रांगेत मोबाइल देण्याऐवजी हे पुस्तक चालते. बटणे दोऱ्याने चार वेळा टाचून ओढून पाहावीत, चिकटवलेली नकोत. आणि पुस्तक रोज हाताशी ठेवू नये. फक्त त्या तासाला काढले तरच त्याची नवलाई टिकते.

महिन्याच्या पहिल्या रविवारी मोठी माणसे लागोपाठ दोन जेवणे सोडतात आणि त्या जेवणांचे पैसे गरजूंसाठी देतात. लहान मुलांना उपाशी ठेवत नाहीत, अंगावर पाजणाऱ्या आणि गरोदर आयांनीही करू नये. उपास म्हणजे काय हे वैदर्भी मुलाला समजावून सांगावे लागत नाही. सोडलेल्या जेवणाचे पैसे खरोखर मोजून पाकिटात घालायचे, ही त्यातली नवी गोष्ट त्याला दाखवावी. दारू, तंबाखू, चहा आणि कॉफी आमच्याकडे चालत नाही. १८३३ मध्ये सल्ला म्हणून आलेला आणि पुढे पक्का झालेला तो नियम आहे. लहान मुलाच्या घरी पाहुणचार मात्र अडत नाही. उन्हाळ्यात पन्हे, एरवी ताक किंवा लिंबू सरबत, हिवाळ्यात गवती चहाची पाती, आले आणि तुळस उकळून गूळ घातलेले पाणी. शेजाऱ्यांना विनंती एवढीच, की अशा घरातल्या मुलाने वाढदिवसाला चहा नाकारला तर त्याला आग्रह करू नये आणि कारणही सगळ्यांदेखत विचारू नये. पाण्याचा पेला द्यावा.

निदान तीन महिने पुरेल इतके रोजचे अन्न घरात भरून ठेवावे, असा चर्चचा सल्ला असतो. अमेरिकेत त्यासाठी हवाबंद डबे आणि प्राणवायू शोषणाऱ्या पुड्या विकत घेतात. इथे वर्षाचे गहू आणि तूर भरण्याची रीत आपल्या आजींची आहेच. एप्रिल-मेच्या एखाद्या सोमवारचा खेळ म्हणून मुलांना डाळीला एरंडेल चोळायला बसवावे. गहू चांगल्या उन्हात दोन दिवस वाळवून, संपूर्ण गार झाल्यावरच कोठीत भरावा. गरम भरला तर आत घाम सुटतो आणि पावसाळ्यात सोंडे होतात. कडुनिंबाचा पाला सावलीत वाळलेला असावा, ओला घातला तर बुरशी येते. कोठीवर तारीख लिहिण्याचे काम पहिलीतल्या मुलाचे. हे काम मुलांना खेळापेक्षाही आवडते, कारण त्यात मोठ्यांसारखे हात भरतात.

मॉर्मन घरांतले मूल आठव्या वर्षी पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा घेते. त्याआधी त्याच्या हातून घडलेल्या गोष्टींचा दोष त्याच्यावर येत नाही, अशी आमची श्रद्धा आहे. म्हणूनच पहिल्या आठ वर्षांत शिकवण्याची सगळी जबाबदारी आईवडिलांवर येते आणि सोमवार इतका जपला जातो. ती श्रद्धा इतरांनी मानावी असे आमचे म्हणणे नाही. नागपुरात या संध्याकाळीला जागा देणाऱ्या परंपरा आधीपासून आहेत. दिवेलागणीला शुभंकरोती म्हणणारी घरे आहेत, रविवारी मुलांना घेऊन विहारात वंदनेला जाणारी घरे आहेत, तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेला बसणारी घरे तर खेड्याखेड्यांत आहेत. या सगळ्यांत मूल मोठ्यांच्या शेजारी बसते, एवढे समान आहे. आज त्यांची अडचण शिकवणीची वेळ ही आहे. श्रद्धा कमी झाल्याने हे थांबलेले नाही, सात ते आठ हा तास विकला गेल्याने थांबले आहे.

सोमवारच का, असा आक्षेप येईल. आठवड्याच्या सुरुवातीला बसले की वहीचा उपयोग होतो; शुक्रवारी बसून उपयोग नाही. श्रावणात कित्येक घरांत सोमवारचा उपास असतो आणि संध्याकाळी तो सोडतात, त्या चार-पाच सोमवारी उपास सोडतानाच सगळे एकत्र असतात. तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे मुलांच्या लाकडी बैलांच्या सणाच्या, आधीचा सोमवार तर लाकडी नंदी रंगवण्यात जाईल. दुकानदारांनी आपल्या बाजाराच्या सुट्टीचा दिवस धरावा. रेल्वेच्या गाड्यांवर जाणारे, कोळसा खाणीत किंवा बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यांत पाळीवर जाणारे वडील दर सोमवारी घरी नसतील. त्यांनी ड्युटीचा तक्ता हाती आला की त्या आठवड्याची संध्याकाळ वहीत लिहून टाकावी आणि उरलेल्या घराने वडिलांशिवाय बसू नये. अर्धे घर बसले की ज्याला वगळले त्याच्यासाठी ती संध्याकाळ कायमची परकी होते. एकट्या आईच्या किंवा आजी-आजोबांच्या घरात दोन माणसे असली तरी फळीवर दोन हुक लागतात आणि काम चालते.

वर्गचालकांचे नुकसान व्हावे अशी कोणाची इच्छा नाही. सोमवार-बुधवार-शुक्रवार अशी तुकडी मंगळवार-गुरुवार-शनिवार करता येते, किंवा सोमवारचा तास संध्याकाळी पाचला संपवता येतो. पाचवीपर्यंतच्या मुलांसाठीच एवढे पुरे. वरच्या वर्गांना हात लावू नका. शाळांनी सोमवारी रात्री पालकांच्या गटावर दुसऱ्या दिवशी आणायच्या वस्तूंची यादी टाकू नये, ती रविवारी टाकावी. सोसायट्यांनी सभा इतर दिवशी घ्याव्यात. एका वस्तीतल्या पाचसहा शिकवण्यांनी हे एकत्र ठरवले तर कोणाचीच मुले दुसरीकडे जाणार नाहीत. एकट्याने केले तर जातील, ही भीती खरी आहे आणि म्हणून वस्तीतल्या पालकांनीच सगळ्या चालकांना एकदम भेटणे बरे.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात आणि शिकवण्यांच्या तुकड्या त्याआधी मे महिन्यातच ठरतात. पालकांनी भेटायला जायचे ते तेव्हाच, शुल्क भरण्याआधी.

आपला,
एक वाचक,
नागपूर